शॉर्टर ऑक्सफर्ड कोश, १९७३: ‘व्हायलम’च्या निमित्ताने

‘शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या तिसऱ्या आवृत्तीचे दोन खंड, १९७३ साली व्युत्पत्ती सुधारून व छपाईची अक्षरजुळणी नव्याने करून काढलेले, मला नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले. १८८४ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाचा हा संक्षेप असून तो पहिल्यांदा १९३३ मध्ये निघाला. कोशाची पारख मी वापरातून गेलेल्या शब्दावरून करतो. या वेळी निवडले ते चौदाव्या शतकातील इंग्रजी कवी चॉसरच्या ‘नाइट्स टेल’ या कथाकाव्याचा आरंभ ज्याने होतो ते क्रियाविशेषण, ‘व्हायलम’ (whilom).

त्याचे मूळ म्हणजे ‘काळ’ या अर्थाच्या नामाचे जुन्या इंग्रजीतील चतुर्थी अनेकवचन ‘ह्वीलुम’, आणि त्याचा मूळ अर्थ ‘वेळोवेळी, कधीकधी’. तो अर्थ लोपला आणि ‘पूर्वी, एके काळी’ हा अर्थ स्थिरावला. पुढे त्याच शब्दाचे ‘माजी’ अशा अर्थाचे विशेषणही झाले. कवी बायरनने १८१२ मध्ये ‘चाइल्ड हॅरल्ड’ या काव्यात तो योजला, तेव्हा तो मुद्दाम जुनाट वळणाचा म्हणूनच. त्याचा जर्मन भाऊबंद ‘वाइलांट’ दिवंगतांच्या नावाआधी आपल्या ‘कै.’सारखा लागत असे. गंमत अशी की ‘सेल्डम’ (seldom, ‘क्वचित’) या शब्दाच्या शेवटी मुळात ‘म’ नव्हता. तो ‘ह्वीलुम’च्या धर्तीवर आला, आणि आज ‘सेल्डम’ सर्रास चालतो, ‘व्हायलम’ मात्र गेला.

असा प्रवास उलगडायला हा कोश उपयोगी पडतो, कारण त्यात अर्थ काळाच्या क्रमाने मांडलेले असतात आणि लुप्त शब्दांआधी व अर्थांआधी कट्यारीची खूण (†) छापलेली असते. एकाच नोंदीतला कोणता अर्थ मेला आणि कोणता टिकला, हे त्यामुळे एका नजरेत कळते. प्रचलित अर्थ आधी देणाऱ्या छोट्या कोशांत ही सोय नाही.

दोष आहेतच. अक्षर फार बारीक आहे, उच्चारांची चिन्हे आजच्या पद्धतीची नाहीत, आणि संगणकयुगातले शब्द शोधणाऱ्याची निराशा ठरलेली. शिवाय कागद पातळ असल्याने मे महिन्यात हे खंड कूलरसमोर ठेवू नयेत. माझ्या प्रतीची काही पाने दमटपणाने एकमेकांना चिकटली.

रोजच्या वापरासाठी मी हा कोश सुचवणार नाही, इंग्रजीच्या एम.ए.ला चॉसर किंवा मिल्टन असणाऱ्यांनी मात्र तो जरूर घ्यावा. विक्रेते सुटा खंड सहसा देत नाहीत, तेव्हा पैसे देण्यापूर्वी दुसऱ्या खंडाची शेवटची पाने, पुरवणीसह, शाबूत आहेत ना, हे दुकानातच उघडून पाहावे.