क्लिअर यूव्ही फिल्म (घराच्या खिडक्यांसाठी): चार स्टार, एक कडांसाठी कापला

आधीच सांगते, सोफ्याचा रंग उडू नये म्हणून फिल्म शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या फार कामाचा नाही. माझ्या भाचीला झेरोडर्मा पिगमेंटोसम आहे, थोडक्यात एक्सपी. उन्हातल्या यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, डीएनएची जी मोडतोड होते ती आपल्या पेशी रोज दुरुस्त करत असतात, हिच्यात ते दुरुस्तीचं जीनच बिघडलेलं, एक कॉपी आईकडून एक बाबांकडून, आणि ते दोघं स्वतः ठणठणीत. विशीच्या आतल्या एक्सपीवाल्यांना त्वचेच्या साध्या (मेलॅनोमा सोडून इतर) कॅन्सरचा धोका इतरांच्या १०,००० पट सांगतात, त्यामुळे बाहेर जाताना फेस शिल्ड, हातमोजे सगळं असतंच, पण लोकांना वाटतं घरात बसवली की झालं. कुठलं काय, उन्हातून दोन प्रकारचा यूव्ही आपल्यापर्यंत येतो, साधी काच त्यातला यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बऱ्यापैकी आत येतो, आभाळ भरलेलं असलं तरी.

दुकानदार काळी फिल्म गळ्यात मारायला बघत होता, म्हणे ताई जेवढी डार्क तेवढी सेफ. काही संबंध नाही! स्पेक शीटवर ४०० नॅनोमीटरपर्यंत (यूव्हीएच्या लहरींची लांबी तिथपर्यंत जाते) किती टक्के अडवते ते बघा, काही जण ३८० पर्यंतच मोजून ९९% छापतात. आम्ही क्लिअर घेतली, उजेड होता तसाच आहे आणि पोरीला खालची खेळणारी मुलं दिसतात, हे आमच्यासाठी लय मोठं आहे.

आता कडा. साबणाचं पाणी मारून रबरी पट्टीने झकास बसवली, बुडबुडा नाही, पण चारी बाजूंना बारीक फट सोडतात, सोडावीच लागते नाहीतर फिल्म उचलते. यूव्ही मीटर काचेच्या मधोमध शून्य दाखवतो, कडेला नेला की आकडा हलायला लागतो. तिथे आम्ही पडदा भिंतीवर चांगला पुढे येईल असा रुंद घेतला. आणि जाळीचा पल्ला उघडला की फिल्मचा उपयोग शून्य, म्हणजे उन्हाळाभर बंद खिडक्या न एसीचं बिल, तेही बजेटमध्ये धरा. जुने सीएफएल, ट्यूबलाइट असतील तर काढून एलईडी लावा, त्यांच्यातूनही थोडा यूव्ही येतो.

मीटर मात्र आधी घ्या आणि पैसे द्यायच्या आधी लावणाऱ्यासमोर एकेक काच तपासा. आमच्याकडे बाथरूमच्या छोट्या काचेला भलतीच फिल्म डकवली होती, मीटर समोर धरल्यावर निमूट बदलून दिली.