जिनिंगच्या गोदामाला ८०० किलोचा मोटर-संच: दार चालतं झकास, पण लाईन गेल्यावर काय?

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा पट्ट्यातल्या ज्या जिनिंगवाल्यांना (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदारांना) रुईच्या गोदामाचं लोखंडी सरकतं दार मोटरवर घ्यायचंय, त्यांच्यासाठी हा आढावा. बाजारात सर्रास मिळणारा प्रकार म्हणजे ८०० किलो क्षमतेचा, २३० व्होल्टचा रॅक-पिनियन (दारावरची दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं मोटरचं दातेरी चाक) संच. खोक्यावरचं नाव वेगवेगळं असलं तरी आतली रचना जवळपास एकच. मोटर, तिच्यातच बसवलेला कंट्रोल बोर्ड, एकेक मीटरचे रॅकचे तुकडे, दार कुठं थांबायचं ते ठरवणारे लिमिटचे चुंबक, एक फोटोसेल जोडी (किरणात काही आडवं आलं की दार बंद होऊ न देणारी), दोन रिमोट आणि मोटर मोकळी करायची किल्ली. ३.६ मीटरच्या दाराला ४ मीटर रॅक मागवा. सेफ्टी एज (धक्का लागताच दार थांबवणारी कडेची पट्टी) आणि बॅटरी बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते.

रोजच्या कामाला संच चांगला आहे. बसवणी नीट असेल तर दार मिनिटाला साधारण १० मीटर वेगानं, न अडखळता जातं आणि ढकलाढकलीचे हमाल मोकळे होतात. याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आगीच्या वेळेची.

आत वर्म गिअर आहे. मोटर दाराला हलवते, दार मोटरला हलवू शकत नाही. त्यामुळे बंद दार बाहेरून कोणी ढकलून उघडत नाही, आणि त्याच कारणानं लाईन गेली की आतला माणूसही उघडू शकत नाही. आता जिनिंगमध्ये आग लागली की पहिलं काम काय होतं? कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडतो. बरोबरच करतो तो. पण त्याच क्षणी दाराची मोटरही मेली. विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा: मेन पाडल्यावर दार कसं उघडतं? ‘किल्ली आहे ना’ असं उत्तर आलं तर पुढं वाचा.

किल्लीचं भोक मोटरच्या खोक्यावर असतं आणि मोटर दाराच्या एकाच बाजूला. ती बाहेर बसवली असेल तर आतल्या हमालाला किल्ली असून नसल्यासारखी. आत बसवली तरी धुरात भोक सापडायला हवं. उपाय म्हणजे मोटर मोकळी करणाऱ्या (रिलीजच्या) लिव्हरला जोडलेली केबल. तिची लाल मूठ दाराशेजारी आतल्या भिंतीवर, जमिनीपासून मीटरभर उंचीवर. काही मॉडेलांना अशी केबल लावायची सोय असते, काहींना नसते. नसेल तर तो संच सोडून द्या. मूठ ओढल्यावर दार ढकलायला किती जोर लागतो ते ताणकाट्यानं मोजा. ५०० किलोचं दार चांगल्या चाकांवर १५ ते २० किलोच्या जोरात सुटलं पाहिजे. जास्त लागत असेल तर दोष रुळात किंवा बेअरिंगमध्ये आहे, आणि मोटर तो रोज गुपचूप झाकत असते.

बॅटरी पाहिजेच असेल तर २३० व्होल्टचा संच घेऊन घरगुती इन्व्हर्टर जोडायच्या फंदात पडू नका. मोटरचा सुरुवातीचा करंट जबर, इन्व्हर्टर ट्रिप होतो. स्क्वेअर वेव्हवाला असेल तर मोटर गुरगुरते आणि तापते. त्यापेक्षा २४ व्होल्ट डीसीचा संच घ्या. १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की लाईन नसतानाही दार काही फेऱ्या मारतं. महाग पडतो, पण गावच्या कमी व्होल्टेजवरही तोच उतारा आहे. २३० व्होल्टच्या संचातल्या इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटतो, म्हणजे २३० चे १८० झाले की जोर साधारण ६१ टक्केच उरतो. बॅटरी मात्र पत्र्याच्या छपराखाली वर टांगू नका. तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी चढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, आणि आपल्याकडचा मे महिना सांगायला नको. सावलीत, खाली ठेवा. महिन्यातून एकदा एमसीबी पाडून दार पूर्ण उघडून बघा.

फायर अलार्मची जोडणी इथली सगळ्यात घातक चूक. बोर्डावर रिमोटच्या बटणासारखं चालणारं एक टर्मिनल असतं: एकदा दाबलं की उघड, पुन्हा दाबलं की थांब, पुन्हा दाबलं की बंद. वायरमन सोपं म्हणून अलार्म पॅनलचा रिले (अलार्म वाजला की आपोआप जुळणारा स्विच) त्यालाच जोडतो. मग दार आधीच उघडं असताना अलार्म वाजला तर बोर्ड ते बंद करायला निघतो! रिले फक्त ‘ओपन’ टर्मिनलला जोडा, आणि अलार्म चालू असेपर्यंत संपर्क जोडलेलाच राहील असा. तपासणी तीन वेळा करायची: दार बंद असताना, अर्धवट असताना आणि पूर्ण उघडं असताना. तिन्ही वेळा ते उघड्याकडंच गेलं किंवा उघडंच राहिलं पाहिजे, आणि त्या वेळी रिमोटनंही बंद होता कामा नये. ही तपासणी मेन चालू ठेवून एकदा आणि बॅटरीवर एकदा.

एवढं सगळं करूनही ३.६ मीटरचं दार पूर्ण उघडायला २० सेकंदांच्या वर लागतात. म्हणून आमचा आग्रह आहे की माणसांसाठी दार वेगळं असावं. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ नुसार बाहेर पडायचं दार किमान १ मीटर रुंद, २ मीटर उंच, बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आतून किल्लीशिवाय उघडणारं हवं. सरकत्या दारातच दिंडी दरवाजा काढला की पैसे वाचतात, पण दार फूटभर सरकून अडकलं तर भिंतीकडच्या टोकाची दिंडी भिंतीआड जाते. शिवाय तिचा उंबरा पायात येतो. दिंडी शेजारच्या भिंतीत काढा. दारातच काढावी लागली तर उघडणाऱ्या टोकाला काढा आणि ती उघडी असताना मोटर चालणार नाही असा स्विच बसवा. (दोन गोदामांमधल्या आगरोधक भिंतीतलं दार हा वेगळा विषय. ते आगीत बंद व्हायचं असतं. तिथं हा संच लावूच नका.)

फोटोसेलचं आपल्याकडं दोन कारणांनी वाटोळं होतं. एक, उडती रुई काचेवर बसते, दार बंद होईना म्हणून ऑपरेटर टर्मिनलवर जंपर (फोटोसेलला बगल देणारी तार) टाकतो, आणि तो जंपर हंगामभर तसाच राहतो. काचेवर छज्जा लावा, रोज सकाळी फडकं मारा, आणि दाराच्या कडेला सेफ्टी एज बसवा. तिच्या टोकाला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळं वायर तुटली की बोर्डाला कळतं. दोन, ट्रॅक्टर-ट्रॉली. ट्रॅक्टर आत गेला, ट्रॉली बाहेर, आणि मधली दांडी किरणाच्या खाली. बोर्डाला रस्ता मोकळा दिसतो, दार ट्रॉलीवर येऊन आदळतं. दुसरी जोडी त्या दांडीच्या उंचीवर लावा आणि आपोआप बंद होण्याचा टायमर कायमचा बंद ठेवा.

काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मोटरचा कट्टा आणि रूळ वेगवेगळ्या पायावर असतील तर रॅक आणि पिनियनमधलं १ ते २ मिलीमीटरचं अंतर वर्षभरात बिघडतं. मग दाराचं वजन पिनियनवर येतं किंवा दाते सुटतात. दोन्ही एकाच आरसीसी बीमवर घ्या, खाली काळी माती काढून मुरूम भरा. रुळाच्या दोन्ही टोकांना दार अडवणारे, वेल्डिंगचे लोखंडी ठोकळे हवेतच. लिमिट चुकली तर दार त्याला उभं धरणाऱ्या मार्गदर्शक रोलरमधून निसटून आडवं पडतं, आणि पाचशे किलोखाली सापडलेला माणूस वाचत नाही.

बोर्डाच्या खोक्यात पाल शिरते, अंगावर करंट घेते आणि बोर्ड जाळते. वायरींची भोकं सिलिकॉननं बुजवा, तळाची निचऱ्याची भोकं मात्र बारीक जाळी लावून उघडीच ठेवा.