शटल तेब्राउ : पाच मिनिटांचा प्रवास, पण परतीचं तिकीट आधी काढा

सिंगापूरच्या वुडलँड्सहून मलेशियातल्या जोहोर बाहरूला जाणारी शटल तेब्राउ ही गाडी रुळांवर जेमतेम पाच मिनिटं धावते. मधली खाडी ओलांडणारा कॉजवे 1,056 मीटर लांब आहे, आणि गाडी या भरावावरून सरळ पलीकडे जाते. या गाडीचं मोल मात्र त्या पाच मिनिटांत नाही. शनिवारी सकाळी किंवा रविवारी संध्याकाळी याच कॉजवेवर बसने जाणाऱ्या माणसाचे दोन-तीन तास सहज मोडतात. शटलने जाणाऱ्याला आपण किती वाजता पलीकडे असू हे आदल्या दिवशीच सांगता येतं. सीमा ओलांडताना वेळेची एवढी खात्री मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. अडचण एकच, तिकीट मिळत नाही.

आधी भाडं. जोहोर बाहरूहून वुडलँड्सला येताना 5 रिंगिट, आणि वुडलँड्सहून जाताना 5 सिंगापूर डॉलर. आकडा एकच असला तरी सिंगापूर डॉलर तीन रिंगिटच्या वर आहे, म्हणजे जाणं येण्याच्या तिपटीहून महाग पडतं. तरीही वुडलँड्सपर्यंतच्या टॅक्सीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. भाडं कमी आणि एका फेरीची क्षमता सव्वातीनशेच्या आसपास, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र या काळातल्या जागा कित्येक आठवडे आधी संपतात. सिंगापुरातल्या शाळांच्या सुट्ट्या आणि सणांचे लांब शनिवार-रविवार तर विक्री उघडताच जातात.

तिकीट केटीएमबी या मलेशियन रेल्वेच्या मोबाइल अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर काढायचं. आधी खातं उघडा, मग प्रत्येक प्रवाशाचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि पासपोर्टची मुदत भरून ठेवा. ही माहिती विक्री उघडण्याच्या आधीच साठवलेली हवी. चार माणसांचे पासपोर्ट क्रमांक टाइप करत बसलात तर तेवढ्यात जागा जातात. नेहमी होणारी चूक म्हणजे भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण झाल्यावर क्रमांक बदलतो, पण अ‍ॅपमधल्या यादीत जुनाच राहतो. तिकीट तर निघतं, आणि घोळ ध्यानात येतो तो दारात. नूतनीकरण झालं की यादी त्याच दिवशी दुरुस्त करा. प्रत्येकाच्या तिकिटाचा क्यूआर कोड वेगळा असतो. घरातल्या एकाच फोनवर सगळी तिकिटं असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट बाकीच्यांना पाठवून ठेवा.

दोन्ही बाजूंची तिकिटं एकदम मिळाली तर उत्तम. एकच मिळणार असेल तर परतीचं घ्या. जाताना सकाळी लवकर निघालात तर बसनेही निभावतं, कारण वेळ तुमच्या हातात असतो. रविवारी संध्याकाळी मात्र सुट्टीला गेलेलं निम्मं सिंगापूर एकाच वेळी परतत असतं. मलेशियाच्या तपासणी इमारतीत रांग, बससाठी रांग, कॉजवेवर गाड्यांची रांग आणि शेवटी वुडलँड्सच्या तपासणीची रांग. पोरं पेंगुळलेली, हातात सामान, सोबत वडीलधारी, अशा वेळी त्या 5 रिंगिटच्या तिकिटाएवढं सुख दुसरं नाही.

वेळापत्रक बघताना एक गोष्ट ध्यानात घ्या. ही गाडी मुळात जोहोरमध्ये राहून सिंगापुरात कामाला येणाऱ्यांसाठी आखलेली आहे. सकाळी पाचपासून वुडलँड्सकडे येणाऱ्या फेऱ्या भरपूर, आणि वुडलँड्सहून प्रवासी घेऊन जाणारी पहिली गाडी मात्र साडेआठच्या सुमारास. संध्याकाळी हेच चित्र उलटं होतं. सिंगापुरातून एका दिवसाच्या सहलीला निघालेला माणूस या ओघाच्या विरुद्ध जातो, म्हणून त्याला पर्याय कमी. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

आता तपासणीबद्दल, कारण या गाडीची खरी सोय तिथेच आहे. वुडलँड्सहून जाताना सिंगापूरची बाहेर पडण्याची आणि मलेशियाची आत येण्याची, या दोन्ही तपासण्या वुडलँड्स ट्रेन चेकपॉइंटमध्येच, एकापाठोपाठ होतात. नंतर गाडीत बसायचं, आणि जोहोर बाहरूला उतरलं की कुठेही न थांबता फलाटावरून वर येऊन बाहेर. बसने गेलात तर दोनदा उतरावं लागतं, एकदा वुडलँड्सला आणि एकदा पलीकडच्या इमारतीत. दोन्हीकडे सरकते जिने, लांब मार्गिका आणि पुन्हा बस पकडायची धडपड. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

येताना मात्र तपासण्या विभागलेल्या आहेत. मलेशियाचा शिक्का जेबी सेंट्रल या जोहोर बाहरूच्या स्थानकात, गाडीत बसण्याआधी, आणि सिंगापूरची तपासणी वुडलँड्सला उतरल्यावर. अख्ख्या गाडीची माणसं तिथे एकदमच उतरतात, त्यामुळे गाडी थांबली की रेंगाळू नका. पिशव्या आधीच आवरून ठेवा आणि पासपोर्ट हातात असू द्या. पुढच्या पंधरा-वीस जणांत पोहोचणं आणि शेवटच्या डब्याच्या गर्दीत अडकणं यात वेळेचा बराच फरक पडतो. सामान क्ष-किरण यंत्रातून जातं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी काय भरायचं? मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली, आणि ती मुदत 2026 अखेरपर्यंत वाढवली आहे. व्हिसा माफ झाला, फॉर्म नाही. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. ज्यांना सूट आहे त्यांत सिंगापूरचे नागरिक येतात, तिथे कायम वास्तव्य असलेले किंवा एम्प्लॉयमेंट पास या नोकरीच्या परवान्यावर असलेले भारतीय येत नाहीत. हा गैरसमज फार पसरलेला आहे. कडेवरच्या बाळाचंही कार्ड वेगळं भरायचं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी.

परत येताना सिंगापूरचं अरायव्हल कार्ड भरायचं ते पाहुण्यांनी. सिंगापूरचा रहिवासी किंवा दीर्घ मुदतीचा पासधारक जमिनीवरच्या नाक्यातून परत येत असेल तर त्याला ते लागत नाही. पण भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांना सोबत नेलं असेल तर त्यांचं कार्ड नव्याने भरावं लागतं, कारण ते सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करत असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचा सिंगापूरचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्याच्या आधी तपासा. एकाच प्रवेशाचा असेल तर पाच मिनिटांवरचं घर गाठायलाही नवा व्हिसा लागेल. आणि दर वेळी प्रवेश द्यायचा की नाही, किती दिवसांचा द्यायचा, हे तिथला अधिकारी ठरवतो.

सामानाचा नियमही एकदा नीट समजून घ्यावा. मलेशियातून सिंगापुरात येताना दारूवर शुल्कमाफी अजिबात नाही, एका बाटलीवरही नाही. सिगारेटवरही माफी नाही. च्युइंगगम आणि ई-सिगारेट आणायचीच नाही. खरेदीवरच्या जीएसटीची सवलत 48 तासांहून कमी बाहेर राहिलेल्याला 100 डॉलरपर्यंत आहे, पण वर्क परमिट, एम्प्लॉयमेंट पास, डिपेंडंट पास किंवा विद्यार्थी पासवर राहणाऱ्यांना ही सवलत मुळात मिळतच नाही. सिंगापुरातली बहुतेक मराठी कुटुंबं यांपैकीच कुठल्या ना कुठल्या पासवर असतात. स्वस्त म्हणून पिशव्या भरभरून आणण्याआधी हे माहीत असावं.

प्रत्यक्ष गाडी साधी आहे. डिझेल इंजिन, मीटर गेजचे रूळ, वातानुकूलित डबे. गारवा कडक असतो, पण पाच मिनिटांत त्याचा त्रास व्हायला वेळच मिळत नाही. खिडकीतून शेजारच्या रस्त्यावर तुंबलेल्या गाड्या दिसतात आणि एका बाजूला जोहोरची सामुद्रधुनी. कॉजवेवर रूळ एकेरी आहे. एक फेरी उशिरा निघाली की तिच्यावर अवलंबून असलेली उलट दिशेची फेरीही उशिरा, असा हा साखळीचा हिशोब आहे. संध्याकाळी पुढे विमान किंवा लांबची बस पकडायची असेल तर मध्ये दीड तास तरी मोकळा ठेवा.

वुडलँड्स ट्रेन चेकपॉइंटची जागा हा या सेवेतला सगळ्यात कच्चा दुवा आहे. तिथे एमआरटी, म्हणजे सिंगापूरची मेट्रो, पोहोचत नाही. जवळची स्थानकं मार्सिलिंग आणि वुडलँड्स, आणि तिथून बस, टॅक्सी किंवा मार्सिलिंगहून वीसेक मिनिटं पायी. बसने सीमा ओलांडणाऱ्यांची वुडलँड्स चेकपॉइंटची मोठी इमारत वेगळी आणि रेल्वेने जाणाऱ्यांचा नाका वेगळा. टॅक्सीवाल्याला ‘ट्रेन चेकपॉइंट’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो हमखास बसच्या बाजूला नेऊन सोडतो. फाटक गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं आणि दोन देशांच्या तपासण्या त्याच्या आत व्हायच्या असतात. तेव्हा अर्धा तास आधी पोहोचणं हे कमीत कमी. सुट्टीच्या दिवशी पाऊण तास धरा. खाणंपिणं आधी उरकून या.

जेबी सेंट्रलची बाजू त्या मानाने उजवी. स्थानक 2010 मध्ये सुरू झालं. तिथून आच्छादित पुलाने एकीकडे सिटी स्क्वेअर मॉल आणि दुसरीकडे बसवाल्यांची तपासणी इमारत जोडलेली आहे. पावसात छत्री उघडावी लागत नाही. राजकालियम्मनचं काचेचं मंदिर शहराच्या याच भागात आहे. आतल्या भिंती आणि छत रंगीत काचांच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे, आणि आई-बाबांसोबतच्या अर्ध्या दिवसाच्या फेरीला ते पुरेसं होतं.

ही गाडी इतकी आखूड का, याचं उत्तर इतिहासात आहे. मलेशियन रेल्वे पूर्वी थेट सिंगापूर शहराच्या दक्षिण टोकाला, तंजोंग पगारला जायची. 1998 मध्ये सिंगापूरने आपली तपासणी वुडलँड्सला हलवली आणि मलेशियाने आपली तंजोंग पगारलाच ठेवली, त्यामुळे कित्येक वर्षं प्रवासी कागदोपत्री आधी मलेशियात शिरत आणि मग सिंगापूर सोडत. 1 जुलै 2011 रोजी तंजोंग पगार बंद होऊन गाड्या वुडलँड्सला थांबू लागल्या, आणि बरोबर चार वर्षांनी, 1 जुलै 2015 पासून, लांब पल्ल्याच्या गाड्या जोहोर बाहरूलाच थांबवून मधल्या तुकड्यासाठी ही शटल आली. साथीच्या काळात ती बंद होती. 19 जून 2022 पासून पुन्हा धावते आहे.

तिची जागा घ्यायला आरटीएस लिंक ही सीमा ओलांडणारी नवी रेल्वे उभी राहते आहे. जोहोर बाहरूतलं बुकित चागर ते सिंगापुरातलं वुडलँड्स नॉर्थ, सुमारे 4 किलोमीटर, ताशी एका दिशेला 10,000 प्रवाशांची क्षमता, आणि 2026 च्या अखेरीस सुरू करायचं ठरलं आहे. दोन्ही दिशांना दोन्ही देशांच्या तपासण्या निघतानाच होतील, आणि वुडलँड्स नॉर्थला थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गाची एमआरटी जोडलेली आहे. म्हणजे शटलच्या तिन्ही दुखण्यांवर, तिकिटावर, परतीच्या रांगेवर आणि नाक्याच्या जागेवर, उपाय झाला. आरटीएस सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत शटल बंद होणार आहे. तोवर कुटुंबासह जाणाऱ्याला शटलहून चांगला मार्ग नाही. एकटा, हलक्या सामानाचा आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी निघालेला माणूस मात्र बसने तेवढ्याच वेळात पोहोचतो. त्याने तिकिटासाठी आठवडे मोजत बसायची गरज नाही.

आणि परतीची गाडी चुकलीच, तर घाबरू नका. जेबी सेंट्रलमध्ये शिक्का मारून घेण्याच्या आधी ध्यानात आलं तर पुलावरून सरळ तपासणी इमारतीत जा आणि तिथून बस घ्या. 170 किंवा 160 क्रमांकाची बस सिंगापुरातल्या क्रांजीकडे जाते, 950 वुडलँड्सकडे. सिंगापूरचं बस-मेट्रोचं ईझी-लिंक कार्ड चालतं. वुडलँड्सला तपासणीसाठी उतरताना कार्ड टॅप करा आणि पुढच्या बसमध्ये चढताना पुन्हा टॅप करा. कागदी तिकिटाची पिवळी कॉजवे लिंक बस घेतली असेल तर ते तिकीट जपून ठेवा, कारण पलीकडे त्याच कंपनीच्या बसमध्ये चढताना ते दाखवावं लागतं.