अठरा फुटी लिंकन, आत नुसती लांबी

हे लिहायला आठ महिने लागले. कारण एकच, लाज. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतो. आणि १९६४ ची लिंकन कॉन्टिनेंटल, २३,५०० डॉलरची, मी फोनवर बघून विकत घेतली.

बाबांनी अख्खं आयुष्य एक फियाट पुरवली. मला पन्नाशीच्या आत एकदा तरी ती लांबलचक अमेरिकन गाडी हवी होती, मागची दारं उलटी उघडणारी, देवघराच्या कपाटासारखी. ४३० क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन. केनेडींची गाडी याच घराण्यातली, १९६१ ची. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं हो. गाडीचे २३,५००, ॲरिझोनाहून न्यू जर्सीला आणणाऱ्या ट्रकचे १,४५०, आणि आमच्या राज्याचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, म्हणजे १,५५६ डॉलर ८८ सेंट. टॅक्स घेताना कुणी ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ म्हणालं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विकणारा गोड बोलणारा, वयस्कर. गाडी जन्मभर ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत, ४१ हजार मैल ‘ओरिजिनल’, गंजाचा ठिपका नाही. आता मैलांचं म्हणाल तर या गाड्यांचं मीटर पाच आकडी. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. ४१ हजार म्हणजे १ लाख ४१ हजारही असू शकतात, आणि इतक्या जुन्या गाडीचे मैल खरे आहेत असं कागदावर लिहून द्यायची सक्तीही नसते. हे मला माहीत होतं. फार ‘रेअर’ आहे म्हणाला. रेअर असते ती कन्व्हर्टिबल, उघडणाऱ्या टपाची. ही साधी बंद टपाची सेडान, आणि सेडान त्या वर्षी तीस हजारांच्या वर निघाल्या. हेही माहीत होतं! माहिती नव्हती म्हणून फसलो असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

आता तो क्षण. व्हिडिओ कॉल चालू होता. त्याने चारही दारं उघडून दाखवली आणि एकेक लावत गेला. मागचं उजवं दार लावताना त्याने खालून हात घातला, दार किंचित वर उचललं आणि मग लोटलं. छान ‘ठक्’ आवाज आला. शेजारी बायको कोथिंबीर निवडत बसली होती. ती म्हणाली, “अरे, तो दार उचलून का लावतोय?”

मी काय म्हणालो माहितीये? “जुन्या गाड्यांना असंच जपावं लागतं. तुला नाही कळणार.”

तिला कळलं होतं. मला नाही. या गाडीला वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीच पेलते. दाराखालची पट्टी, रॉकर पॅनल, आतून सडली की गाडी मधोमध बसते आणि दारं लटकायला लागतात. हे मी स्वतः वाचलेलं होतं. आठ महिने रोज रात्री मला तो हात दिसतो.

बरं, मी अगदीच डोळे मिटून उडी मारली नाही. टायटलचा, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाचा, फोटो मागितला. आला, तर तो ओहायो राज्याचा! हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकून गाड्या गंजवणारं ओहायो. विचारलं, तर म्हणे आधीच्या मालकाची मुलगी तिकडे राहते, नुसता कागद तिकडचा. टायटलवर त्या आधीच्या मालकाची सही, नोटरीचा शिक्का, आणि घेणाऱ्याची जागा कोरी. ज्याच्याशी मी तीन आठवडे बोलत होतो त्याचं नाव कागदावर कुठेच नाही. टायटलवरचं नाव आणि समोरच्याच्या लायसन्सवरचं नाव एक नसेल तर तिथेच फोन ठेवा. कितीही गोड असला तरी.

आणि तिकडच्याच एखाद्या मेकॅनिकला पाठवून गाडी लिफ्टवर बघून घ्यायचे ३५० डॉलर होते. ते मी वाचवले. दुसरा गिऱ्हाईक शनिवारी येतोय, असं तो म्हणाला होता. दुसरा गिऱ्हाईक नेहमी शनिवारीच का येतो? १,००० आगाऊ, २२,५०० वायरने, म्हणजे बँकेतून थेट, कुठल्याशा एलएलसी कंपनीच्या खात्यात. वायर करू नका. बँकेत जाऊन रडलो तेव्हा उत्तर मिळालं, “तुम्हीच पाठवलेत ना, सर?”

गाडी आली. दिसायला राणी. दुसऱ्या रविवारी धुताना सहज सुचलं म्हणून फ्रीजवरचं गणपतीचं मॅग्नेट आणलं. बॉनेटवर चिकटलं. दारावर चिकटलं. दाराखालच्या पट्टीवर ठेवलं आणि ते घरंगळून ड्राइव्हवेवर पडलं. परत ठेवलं, परत पडलं. अर्धा तास मी गुडघ्यावर बसून बाप्पांना वर ठेवत होतो आणि ते खाली येत होते. पत्रा नव्हताच. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वर काळा रंग. खाली ताजं डांबरासारखं अंडरकोटिंग, तेही ‘काळजी’ म्हणून. साठ वर्षांच्या गाडीचं पोट नवं कोरं काळं दिसलं तर आधी तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. इथल्या मेकॅनिकने १४० डॉलर घेऊन तेच केलं, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. कार्पेट उचललं तर खाली ओहायोच्या कुठल्याशा गॅरेजचा ऑइल बदलल्याचा स्टिकर. वेल्डिंगचा अंदाज १९,८०० डॉलर.

मग सरकारदरबारी खेटे. आमचे पोलीस म्हणाले, प्रकार ॲरिझोनात घडला. ॲरिझोनाचे म्हणाले, तक्रारदार न्यू जर्सीत. मग दोघंही एकमुखाने म्हणाले, हा गुन्हा नाही, व्यवहारातला वाद आहे. ऑनलाइन तक्रार भरली, ४५ मिनिटं लागली, उत्तर दोन सेकंदांत आलं, यंत्राचं. ग्राहकांच्या खात्याने सहा आठवड्यांनी पत्र पाठवलं की दोन खाजगी माणसांतल्या विक्रीत आम्ही पडत नाही. मी फोन केला. बाई शांतपणे म्हणाल्या, कागदावर विकणारा ओहायोचा दिसतोय, मग तुम्ही ॲरिझोनावाल्याविरुद्ध तक्रार कशी करता? म्हणजे ज्या चलाखीने त्याने मला फसवलं, त्याच चलाखीने तो सुटला, आणि ही चूक माझीच! सेल्स टॅक्स घेताना मात्र विकणारा कोण, कुठला, कुणाला काही पडलं नव्हतं. १,५५६ डॉलर ८८ सेंट, खिडकीवर दहा मिनिटांत.

स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा आमच्याकडे ५,००० डॉलर, आणि माणूस दुसऱ्या राज्यातला. वकिलाने अर्ध्या तासाचे ४०० घेतले. ‘ॲज इज’वर, म्हणजे ‘आहे तशी घेतली’ या अटीवर, सही केलीत म्हणून सगळं संपत नाही म्हणाला, खोटं बोलून विकलं असेल तर दावा होतो. फक्त लांबी भरलेली त्याला ठाऊक होती हे सिद्ध करायचं. तिकडे जाऊन, तिकडचा वकील करून. मी हिशोब मांडला आणि गप्प बसलो. भित्रा म्हणा हवं तर.

गेल्या महिन्यात पेनसिल्व्हेनियाचा एक माणूस आला, सुट्या भागांसाठी घेणारा. इंजिन चालू करूनही बघितलं नाही. खिशातून चुंबक काढलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि ५,५०० म्हणाला. मी घेतले. सगळं धरून २१,५४६ डॉलर ८८ सेंट गेले.

गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी त्याने आतून फाटके पायपोस काढून मला दिले. मग मागच्या उजव्या दाराखाली हात घातला, ते किंचित उचललं आणि लावलं. बायको खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही.