स्मिता पाटील यांच्यासाठी सुमार चित्रपट, की पुन्हा ‘उंबरठा’?

शिरपूरशी घरचे नाते असलेल्या स्मिता पाटील यांचे नावाजलेले चित्रपट पाहून झाल्यावर, केवळ त्यांच्यासाठी त्यांचे सुमार मसालापटही पाहावेत, की ‘उंबरठा’च पुन्हा लावावा, असा पेच जळगावच्या माझ्या भाचीला पडला आहे.

वेळेच्या हिशेबात सुमार चित्रपट महागात पडतो. अडीच तासांत नायिकेच्या वाट्याला दोन गाणी आणि मोजके प्रसंग येतात, बाकीची हाणामारी सोसावी लागते. उलट १९८२च्या ‘उंबरठा’त, महिलाश्रमाची अधीक्षक होण्यासाठी घर सोडणारी सुलभा हीच कथेचा कणा आहे.

अभिनयाच्या निकषावर मात्र निकाल इतका सोपा नाही. चांगल्या चित्रपटात पटकथा आणि दिग्दर्शन नटाला सावरून धरतात. सुमार चित्रपटात तो एकटा पडतो आणि तेव्हाच त्याचे कसब उघडे दिसते. एखाद्या पोकळ वाक्याआधी स्मिताबाई क्षणभर थांबतात, समोरच्यावर नजर रोखतात आणि ते वाक्य खरे वाटू लागते. शिवाय त्या १९८६ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेल्या. आपण न पाहिलेला त्यांचा प्रत्येक चित्रपट ही आता उरलेली मोजकी शिदोरी आहे, आणि मला हे कारण सर्वांत वजनदार वाटते.

घरच्यांसोबत एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर ‘उंबरठा’ लावावा. ज्याला अभिनय शिकायचा आहे किंवा ज्याचा या अभिनेत्रीवर मनापासून जीव आहे, त्याने सुमार चित्रपटही एकट्याने, नको ते प्रसंग पुढे ढकलत, जरूर पाहावा.