बी-फ्लॅटवाल्यांच्या रांगेत एक ई-फ्लॅट ट्युबा : वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या कम्युनिटी बँडमधे ट्युबा (पितळी वाद्यांतलं सगळ्यात मोठं, खर्जाचं फुंकवाद्य) म्हणजे बी-फ्लॅट पट्टीचा असंच चालत आलेलं, त्यात मी चार व्हॉल्व्हचा (म्हणजे सूर बदलायला दाबायच्या कळांचा) कॉम्पेन्सेटिंग (जादा नळ्यांनी सूर आपोआप सावरणारा) ई-फ्लॅट घेऊन बसतो आणि हल्ली एक सी ट्युबावालापण आलाय, म्हणजे एकाच रांगेत तीन पट्ट्या. हे एकत्र चालतं का म्हणून बरेच जण विचारतात. चालतं, आणि छान चालतं, फक्त खर्जाला किमान एक बी-फ्लॅट पाहिजेच.

आधी एक गैरसमज, की वेगळी पट्टी म्हणजे वेगळे कागद. तसं नाही. कॉन्सर्ट बँडमधे ट्युबाचा पार्ट बास क्लेफमधे (खालच्या सुरांच्या नोटेशनमधे) असतो आणि लिहिलाय तोच सूर वाजवायचा, बदलतं ते फिंगरिंग, म्हणजे कुठले व्हॉल्व्ह दाबायचे ते. ब्रिटिश ब्रास बँडमधे उलटं, तिथे दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट असतात पण कागद ट्रेबल क्लेफमधे (वरच्या सुरांच्या नोटेशनमधे), ट्रान्सपोज केलेले, म्हणजे लिहिलेला सूर वेगळा आणि वाजणारा वेगळा. त्यामुळे तिकडचा ई-फ्लॅटवाला आपल्याकडे आला तर तो बास क्लेफचा कागद सरळ ट्रेबल समजून वाचतो, मनात तीन शार्प (सूर चढवायच्या खुणा) वाढवतो आणि झालं काम (मधेच कुठे नॅचरल, म्हणजे शार्प-फ्लॅट रद्द करणारी खूण, आला की मात्र डोकं जरा जास्त चालवावं लागतं).

आता आवाजाचं. बी-फ्लॅटची नळी साधारण 18 फूट, सीची 16, ई-फ्लॅटची 13. त्यामुळे ई-फ्लॅटचा सूर पटकन आणि स्पष्ट उठतो, फास्ट मार्चमधे बास लाइन चिखलासारखी होत नाही. पार्टमधे ऑक्टेव्ह (तोच सूर दोन सप्तकांत) लिहिले असतील तर वरचा मी घेतो, खालचा बी-फ्लॅटवाले, आणि तेव्हा सेक्शन असा भरून येतो की नुसत्या एका पट्टीच्या ट्युबांनी तो येत नाही असं माझं तरी मत आहे. सगळे ई-फ्लॅट असतील तर मात्र तळच जातो, सूर बरोबर असले तरी वजन नाही.

कटकट ट्यूनिंगची. स्टाफच्या (नोटेशनच्या पाच रेषांच्या) मधल्या रेषेवरचा डी घ्या. बी-फ्लॅट ट्युबावर तो ओपन (कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता) येतो, पण पाचवा हार्मोनिक (एकाच नळीतून नुसती फुंक बदलून निघणाऱ्या सुरांतला पाचवा) असल्याने जवळपास 14 सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) उतरलेला असतो, आणि मी तोच डी दुसऱ्या व्हॉल्व्हने चौथ्या हार्मोनिकवरून काढतो, तो तसा उतरत नाही. दोघांनी लांबवला की घुमल्यासारखे बीट्स सरळ ऐकू येतात. उपाय सोपा, बी-फ्लॅटवाल्याने पहिला-दुसरा व्हॉल्व्ह दाबून घ्यायचा. बी-फ्लॅट मेजर कॉर्डमधे तोच डी गंधार असेल तर उलट मीच स्लाइड (सरकणारी नळी) ओढून खाली येतो, कारण तिथे उतरलेलाच गोड लागतो. ट्यूनरवर प्रत्येकाचा हिरवा दिवा लागला म्हणून सेक्शन सुरात आला असं होत नाही हो, शेजारच्याला ऐकावंच लागतं. आणि मोठा ट्युबा गरम व्हायला वेळ घेतो, तोवर तो खालीच राहतो, म्हणून सगळे नीट वाजवून झाल्यावरच ट्यून करायचं, आधी बी-फ्लॅट, मग त्याच्यावर बाकीचे.

कॉम्पेन्सेटिंगच घ्या असं मी सांगेन. चौथा व्हॉल्व्ह दाबून वर अजून एखादा दाबला की साधा ट्युबा शार्प होत जातो, इथे हवा मागच्या छोट्या नळ्यांतून परत फिरते आणि ती कसर भरून निघते. ब्लेकलीने 1874 च्या सुमारास काढलेली आयडिया, अजून तीच चालू आहे. फक्त अगदी खाली गेल्यावर फुंक थोडी अडल्यासारखी वाटते.

बँडमधे तुम्ही एकटेच ट्युबावाले असाल तर बी-फ्लॅटच घ्या, दुसरा विचार नको. आधीच दोन-तीन बी-फ्लॅट असतील तर ई-फ्लॅट बिनधास्त. माझ्याकडून पाचात चार स्टार, एक कापला तो वजनाचा, त्या जादा नळ्यांमुळे हा वाटतो तितका हलका नाहीये, उभं राहून वाजवायचं असेल तर चांगला पट्टा सोबतच घ्या.