नळदुर्ग : केवळ धबधब्यासाठी पाहू नये असा किल्ला

सोलापूरहून हैदराबाद महामार्गाने सुमारे 45 किलोमीटर गेल्यावर बोरी नदीच्या काठी नळदुर्ग लागते. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले हे लहानसे, शांत शहर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि सोलापूर ब्रिटिश मुलखात. आपल्या दारातली ही हद्द आता आपल्याकडच्या फारच थोड्या लोकांच्या स्मरणात उरली आहे.

पावसाळ्यात सोलापूरकरांची गर्दी लोटते ती नर-मादी धबधब्यांसाठी, आणि ते दृश्य गर्दी सोसावी इतके देखणे आहे, यात शंका नाही. परंतु फोटो काढून परत फिरणाऱ्यांच्या नजरेतून त्या धबधब्यांमागचे बांधकामच निसटते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ किल्ला यांना जोडणारा बंधारा नदीवर घालण्यात आला व त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. नदी भरून वाहू लागली की सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहून ते पाहू शकतो. एकाच भिंतीने पाणी साठवावे, दोन किल्ले जोडावेत आणि वर राजाची हौसही भागवावी, असे काम आपल्या परिसरात तरी मला दुसरे ठाऊक नाही. पाण्याचा जोर फार असेल तेव्हा मात्र आत उतरण्याचा हट्ट धरू नये.

उपळी बुरुजाला अवश्य वेळ द्यावा. माथ्यावर लांबलचक तोफा आहेत आणि तेथून सभोवतालचा सपाट मुलूख दूरवर दिसतो. टेहळणीची जागा येथेच का निवडली, हे वेगळे सांगावे लागत नाही. पायऱ्या दमवणाऱ्या आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांनी बुरूज खालूनच पाहिलेला बरा. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज पाहण्यास तितके कष्ट पडत नाहीत.

या स्थळाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे त्याचा अलीकडचा इतिहास. 13 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आणण्यासाठी भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले, तेव्हा पहिली लढत नळदुर्गलाच झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती आल्याने पुढची वाट मोकळी झाली. त्याच दिवशी याच परिसरात दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चार दिवसांनी निजामाने शरणागती पत्करली. तोफा आणि तटबंदी पाहताना हे ठाऊक नसेल, तर किल्ल्याची गोष्ट आदिलशाहीतच संपल्यासारखी वाटते. म्हणून जाण्यापूर्वी घरीच थोडे वाचून जावे, मुलांना तर सांगूनच न्यावे.

किल्ल्याचा विस्तार मोठा आणि सावली कमी असल्याने सकाळी लवकर पोहोचावे. पाणी आणि भाकरी-चटणी बरोबर ठेवावी, म्हणजे जेवणासाठी घाईने बाहेर पडावे लागत नाही. धबधबा पाहायचा असेल तर पावसाळ्यातला आडवार निवडावा. किल्ला पाहायचा असेल तर हिवाळा उत्तम.